उणिवांसह सेवा : रेव्हरंड टिळकांचे उदाहरण

मंगळवेढ्यात येऊन सेवा या विषयावर बोलायचे म्हणजे थोडे धाडसच आहे. ज्या गावात दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाची धान्याची कोठारे रयतेसाठी उघडली, आणि ज्या गावची भिंत बांधता बांधता चोखोबा तिच्याखाली गाडले गेले, त्या गावाला सेवा म्हणजे काय ते बाहेरून येऊन कोणी सांगावे असे उरत नाही. तरीही व्याख्यानमालेच्या चालकांनी बोलावले तेव्हा मी हाच विषय घेतला, आणि तोही ख्रिस्ती धर्मसेवेच्या अंगाने घेतला. त्याचे कारण आधी सांगतो.

दामाजीपंतांची किंवा चोखोबांची कथा आपण ऐकतो तेव्हा त्यांच्यात उणे म्हणून काही आढळत नाही. आढळणार तरी कसे? ती चरित्रे भक्तांनी गायिली, कीर्तनकारांनी वाढविली, आणि शेकडो वर्षांच्या तोंडी प्रवासात माणसाचे कंगोरे गोट्यासारखे घासून गेले. त्यामुळे होते काय, की आपल्यासारख्या साध्या कार्यकर्त्याला त्या चरित्रांना नमस्कार करता येतो, पण त्यांच्याकडे पाहून आपल्या रोजच्या अडचणीचे उत्तर सापडत नाही. आपली अडचण अशी की आपण तापट असतो, विसराळू असतो, पैशाच्या बाबतीत ढिले असतो, कधी मनातून डळमळीत असतो, आणि तरी हाती घेतलेले काम सोडवत नाही. अशा माणसाने करावे काय? काम सोडावे, की उणीव लपवून काम रेटावे?

या प्रश्नाचे मराठीतले सर्वांत मोकळे उत्तर मला एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाच्या आयुष्यात सापडले. ते सापडले याचे कारण, त्यांचे चरित्र कोणा भक्ताने लिहिले नाही, बायकोने लिहिले. हे गृहस्थ म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक, आणि ते लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक. ‘स्मृतिचित्रे’ हे पुस्तक १९३४ ते १९३६ या काळात भागाभागाने छापून निघाले. मी ख्रिस्ती नाही, आणि माझे शाळेतले शिक्षण सातवीशी संपले. सोलापुरात विडी कामगारांच्या युनियनच्या कचेरीत रात्री मुक्काम करावा लागे, तेव्हा कोणीतरी ठेवून गेलेल्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात मला ते मिळाले. पहिल्या रात्री मी हसत होतो. दुसऱ्या रात्री हसू थांबले, कारण त्यातला तो तापट माणूस मला ओळखीचा वाटू लागला.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी झाला. वडील अतिशय संतापी, आई लवकर गेली, आणि मुलगा घर सोडून नाशिकला आला. तेथे मिळेल त्या आधाराने शिकला. पुढे लक्ष्मीबाईंशी लग्न झाले तेव्हा त्या अकरा-बारा वर्षांच्या होत्या. त्यांना लिहायला-वाचायला शिकविले ते टिळकांनीच. पण हा शिक्षक घरी टिकेल तर ना! आज नाशिक, उद्या नागपूर, परवा राजनांदगाव असा त्यांचा फेरा. नोकरी धरावी आणि सोडावी, बायकोला सांगून जावे किंवा न सांगता जावे. १८९३ मध्ये राजनांदगावच्या आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ वाचायला दिला. पुढे दीड-दोन वर्षे मनाची ओढाताण झाली आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हेही त्यांनी घरी विचारून केले नाही. लक्ष्मीबाईंना ते मागाहून कळले. पदरी लहान मुलगा, नवरा बाटलेला, आणि त्या काळचा ब्राह्मण समाज. त्या बाईंनी ते दिवस कसे काढले असतील ते मनात आणून पाहा. त्यांतला काही काळ त्या येथून जवळच, पंढरपुरास होत्या. चंद्रभागेच्या काठी त्या सोवळे पाळीत होत्या आणि तिकडे नगरला नवरा ख्रिस्ती धर्माचे शिक्षण देत होता.

येथे मी थोडा थांबतो. टिळकांच्या कवितेवर प्रेम करणारी मंडळी हा भाग चटकन ओलांडून ‘वनवासी फूल’कडे जातात. तसे करू नये. धर्माच्या ओढीने निघालेल्या या माणसाने सगळ्यांत जवळच्या माणसाला न विचारता तिचे आयुष्य मुळापासून हलविले. त्याचा हेतू कितीही शुद्ध असो, ही उणीवच. आणि तिची किंमत त्याने भरली नाही, तिने भरली.

पण त्यापुढचे पाहा. चार-पाच वर्षांनी लक्ष्मीबाई नगरला त्यांच्याकडे आल्या त्या आपले सोवळे-ओवळे बरोबर घेऊन. टिळकांनी त्यावर काय केले? ते बदलावे म्हणून जुलूम केला नाही. त्यांची चूल वेगळी, त्यांचे पाणी वेगळे, सगळी व्यवस्था करून दिली. जो माणूस एरवी क्षणात भडकून उठे, ज्याला दोन घटका धीर धरवत नसे, त्याने या एका बाबतीत वाट पाहिली. पुढे लक्ष्मीबाई स्वतःच्या विचाराने जातिभेदातून बाहेर आल्या आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांचा स्वभाव पालटला असे मी म्हणत नाही. तो शेवटपर्यंत तसाच राहिला. राग आला की अंगात वारे शिरल्यासारखे होत, आणि राग उतरला की लहान मुलासारखे क्षमा मागत. बाजारातून घरसामान आणायला पाठवावे तर भलतेच काहीतरी घेऊन परत येत, आणि वाटेत कोणी गरजू भेटला तर तेही नाही! पगार हाती आला म्हणजे घराला आधार आला, असे त्या घरात कधी झाले नाही.

अशा माणसाला १९०४ मध्ये पाळकपणाची दीक्षा मिळाली. नगरच्या धर्मशिक्षणाच्या शाळेत त्यांनी उपदेशक तयार केले. १९१२ पासून अमेरिकन मराठी मिशनच्या ‘ज्ञानोदय’ पत्राचे मराठी संपादन केले. निराधार पोरे घरी आणून ठेवली. जळगावच्या कविसंमेलनात भेटलेला त्र्यंबक ठोमरे नावाचा मुलगा, म्हणजेच आपले बालकवी, त्यांच्या घरी राहिला आणि त्याच्यावर या घराने पोटच्या मुलासारखी माया केली. ख्रिस्ताचे नाव मराठी माणसाला परके वाटू नये म्हणून टिळकांनी कीर्तन हाती घेतले, अभंग हाती घेतला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो, असे ते उघड सांगत. आज मराठी ख्रिस्ती मंडळींच्या उपासनेत जी गीते गायिली जातात त्यांत मोठा वाटा टिळकांचा आहे.

आता मुख्य प्रश्न. इतके दोष असलेल्या माणसाची धर्मसेवा खरी मानावी काय? हा प्रश्न ख्रिस्ती जगाला फार जुना आहे, आणि त्याची कथा कामगार चळवळीतल्या प्रत्येकाने ऐकण्यासारखी आहे.

इ. स. ३०३ मध्ये रोमन बादशहा डायोक्लेशियन याने फर्मान काढले की ख्रिस्ती लोकांनी आपले धर्मग्रंथ सरकारजमा करावेत, ते जाळले जातील. उत्तर आफ्रिकेत कित्येक धर्मगुरूंनी नकार दिला आणि ते मेले. कित्येकांनी जिवाच्या भीतीने ग्रंथ दिले. संकट टळल्यावर भांडण उभे राहिले. ज्याने ग्रंथ सोपवले त्याच्या हातचा बाप्तिस्मा खरा काय? त्याने ज्याला दीक्षा दिली तो धर्मगुरू खरा काय? एक पक्ष म्हणाला, नाही. भित्र्याच्या हाताने पवित्र काही होतच नाही. या पक्षाला त्याच्या डोनाटस नावाच्या पुढाऱ्यावरून नाव पडले. ३१४ मध्ये आर्ल येथे धर्मसभा भरली, तिने या पक्षाविरुद्ध निकाल दिला, तरी भांडण शंभर वर्षे चालले. आपण संपाच्या वेळी नाही का पाहिले? संप मोडल्यावर ‘कोण आधी कामावर गेला’ याची यादी वर्षानुवर्षे खिशात बाळगणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांचा राग खोटा नसतो. पण त्या यादीवर पुन्हा युनियन उभी राहत नाही.

या वादात हिप्पो गावचा बिशप ऑगस्टीन याने जे उत्तर दिले ते मला आपल्या उसाच्या रानातले वाटते. तो म्हणाला, पाणी दगडी पाटातून वाफ्यात जाते. दगडात काही उगवत नाही, पण वाफा मात्र भिजतो. देणारा देव आहे, धर्मगुरू हा पाट आहे. म्हणून सेवकाच्या दोषाने सेवा घेणाऱ्याचे नुकसान होत नाही.

हे उत्तर दिलासा देणारे आहे खरे. पण त्यात एक धारदार बाजूही आहे, ती लोक विसरतात. पाटाला पाण्याचा उपयोग नाही! दुसऱ्याचे रान भिजवून स्वतः कोरडा राहणारा पाट होण्यात भूषण कसले? शिवाय पाट फुटला तर तो बुजवावा लागतो, नाहीतर पाणी भलत्याच रानात जाते. म्हणून उणीव आणि अपराध यांत फरक केला पाहिजे. तापटपणा, विसराळूपणा, भित्रेपणा या उणिवा आहेत. पण मंडळीचा पैसा खाणे, आपल्या शब्दावर विसंबलेल्या दुबळ्याचा गैरफायदा घेणे, ही उणीव नव्हे. तेथे ‘आम्ही सगळेच दुबळे’ असे म्हणणारा सेवक आपली कातडी वाचवीत असतो. त्याला कामावरून बाजूला केलेच पाहिजे, मग तो धर्मातला असो की युनियनमधला.

पहिल्या पिढीतल्या प्रेषित पौलाचेही असेच काही होते. हा माणूस तंबू शिवून पोट भरणारा, म्हणजे आपल्यातलाच. करिंथ गावच्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तो आपल्या शरीरातल्या एका काट्याविषयी सांगतो. तो काटा जावा म्हणून त्याने तीनदा देवाला विनविले, आणि तो गेला नाही. उत्तर मिळाले ते असे, की कृपा पुरेशी आहे, काटा राहू दे. तो काटा म्हणजे डोळ्यांचे दुखणे, की फेफरे, की आणखी काही, यावर पंडितांनी खूप शाई खर्च केली आहे. पौलाने नाव सांगितले नाही. त्यामुळे ज्याचा जो काटा असेल तो त्याने तेथे ठेवून पाहावा, अशी सोय झाली आहे.

आणि काटा मनाचाही असू शकतो. काशीचे नीलकंठशास्त्री गोरे घ्या. घराणे महाराष्ट्रातले चित्पावन, जन्म १८२५ चा. शास्त्रांत असे निष्णात की मिशनऱ्यांशी वाद करून त्यांना गप्प करावे या हेतूने गेले, आणि १८४८ मध्ये स्वतःच ख्रिस्ती झाले. नाव नेहेम्या घेतले, पुढे धर्मगुरू झाले, ‘षड्दर्शन दर्पण’ लिहिले. पण शंका नावाची गोष्ट त्यांना जन्मभर सुटली नाही. आपण चुकलो तर नाही ना, आपण पात्र आहोत का, या विचारांनी ते सतत कुरतडले जात. राहणी वैराग्याची, आणि मनाला स्वस्थता नाही. १८९५ मध्ये मुंबईत वारले तोपर्यंत हे चालले. गंमत अशी की पंडिता रमाबाईंच्या मनातल्या शंका मिटल्या त्या गोऱ्यांच्याच लिखाणाने, असे रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवले आहे. ज्याच्या घरी अंधार त्याच्या कंदिलाने दुसऱ्याला वाट दिसली. आणि त्या रमाबाईंनी पुढे केडगावला मुक्तिसदन उभारून दुष्काळात सापडलेल्या किती मुलीबाळींना आसरा दिला, ते आपल्याला ठाऊक आहे. गोऱ्यांनी ‘माझी शंका आधी पुरती फिटू दे, मग लिहीन’ असे म्हटले असते तर?

मात्र मला गोऱ्यांपेक्षा टिळक जवळचे, कारण माझा काटा टिळकांचा आहे. ऐकायला बरे नाही, तरी सांगतो. बरीच वर्षे झाली. एका विडी कारखान्यात ‘छाट’ फार काढीत. म्हणजे बाईने दिवसभर बसून वळलेल्या विड्यांतल्या काही खराब म्हणून बाजूला टाकायच्या आणि त्यांची मजुरी कापायची. बायकांनी काम बंद ठेवले. चार दिवसांनी बोलणी ठरली. छाटीचे प्रमाण ठरवून घ्यायचे एवढेच बाकी होते, समोरचे मान्य करण्याच्या बेतात होते. त्यांच्यातला एकजण माझ्या शिक्षणावरून काही बोलला. मी उठलो, टेबलावरचा कागद फाडला आणि बाहेर येऊन मोठे भाषण ठोकले. टाळ्या पडल्या! बोलणी मात्र मोडली. पुढे अकरा दिवस काम बंद राहिले आणि शेवटी ठरले ते पहिल्या दिवशी मिळत होते तेवढेच.

अकराव्या दिवशी एक म्हातारी बाई युनियनच्या कचेरीत आली. तिचे बोट पाने कापून कापून वाकडे झालेले होते. ती बसली नाही. म्हणाली, “अण्णा, राग तुमचा होता, हजेरी आमची बुडाली.” एवढेच बोलून गेली.

मी राजीनामा लिहिला. आमच्या वडीलधाऱ्या अध्यक्षांनी तो वाचला आणि घडी करून परत दिला. ते म्हणाले, “राजीनामा देऊन तुझा राग कुठे जाणार? घरी जाईल. तिथे बायको आहे.” मग सभा बोलावली. मला सगळ्या बायकांपुढे उभे राहून झाले ते सांगावे लागले. आणि त्या सभेने ठरविले की येथून पुढे मी बोलणीला एकटा जायचे नाही. दोन विडी कामगार बाया बरोबर असतील आणि त्यांतल्या एकीने पदर सारखा केला की मी गप्प बसायचे. आज पंचावन्नी गाठली, तरी तो नियम चालू आहे. पदर कितीदा सारखा झाला ते मी मोजलेले नाही.

त्यानंतर मी ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचले, आणि पहिल्या वाचनात न दिसलेली गोष्ट दिसली. पहिल्यांदा मला वाटले होते, टिळक उणिवा असूनही मोठे झाले. दुसऱ्यांदा दिसले की त्यांच्या प्रत्येक उणिवेपाशी कोणीतरी उभे होते, आणि बहुतेक वेळा ते माणूस एकच होते. पैसा उधळला गेला तेथे लक्ष्मीबाईंनी चूल पेटती ठेवली. टिळक अनाथ पोर घेऊन आले की त्याला न्हाऊमाखू घालणाऱ्या लक्ष्मीबाई. भांडून आलेल्या नवऱ्याला हसवून जमिनीवर आणणाऱ्याही त्याच. त्या पुस्तकात त्या स्वतःला हसतात, नवऱ्याला हसतात, पण त्याच्या सेवेला कोठे हसत नाहीत. धर्मसेवकाचा विश्वासूपणा आपण त्याच्या एकट्याच्या खात्यावर जमा करतो. हिशेब तसा नाही. आणि टिळकांनाही, माझी समजूत अशी की, तो हिशेब कळला होता. म्हणूनच जिला न विचारता बाप्तिस्मा घेतला तिच्या सोवळ्यासाठी वेगळी चूल मांडायला ते शिकले.

१९१७ मध्ये, छप्पन्नाव्या वर्षाच्या सुमारास, टिळकांनी मिशनचा पगार सोडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र बसता यावे असा ‘देवाचा दरबार’ त्यांनी मांडला आणि साताऱ्याला बिऱ्हाड केले. व्यवहारी माणसे म्हणाली असतील, हा जुनाच उधळेपणा. असेलही! उणीव आणि गुण एकाच मुळावर वाढतात, ही माझी कार्यकर्त्यांकडे पाहून झालेली खात्री आहे. ज्याला पैसा धरवत नाही त्यालाच पगार सोडवतो. दरबार फार वाढला नाही, कारण पुढे दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात टिळक वारले.

त्यांच्या मागे एक मोठे काम अपुरे राहिले होते. ख्रिस्ताचे चरित्र मराठी ओवीत सांगणारे ‘ख्रिस्तायन’ त्यांनी १९०९ मध्ये सुरू केले होते, आणि दहा वर्षांत साडेदहा अध्याय झाले होते. लक्ष्मीबाईंची शाळा कधी झाली नव्हती, शुद्धलेखनाशी त्यांचे जन्मात जमले नाही. अकरावा अध्याय जेथे अर्धा राहिला होता तेथून त्यांनी पुढे लिहायला घेतले, आणि चौसष्ट अध्याय लिहिले.